साबणाची अर्धी वडी

ऐन शीह
रविवार, ३ सप्टेंबर १९९५

लख्दर,

एकोणचाळीस वर्षांनी तुला पत्र लिहिते आहे, त्यामुळे मायन्यात काय घालावं ते सुचत नाही. तुला दादा म्हणणार नाही. कुशलही विचारत नाही, कारण तू धडधाकट आहेस हे वहिनीकडून कळतं आणि मी जिवंत आहे हे या पत्रावरून तुला कळेल. हुसीन लोहार उद्याच्या बोटीनं मार्सेलला चालला आहे, त्याच्या हाती देते.

कामाचं बोलते. काल सकाळी शाळेच्या दाराच्या कडीला एक पुडकं बांधलेलं होतं. आत वीतभर रुंदीची कफनाच्या कापडाची लांब पट्टी, साबणाचा तुकडा आणि एक कागद. याचा अर्थ इथं आता बालवाडीतल्या पोरींनाही कळतो. साबण प्रेताच्या आंघोळीला आणि कापड गुंडाळायला. कागदात लिहिलं होतं की तेवीस तारखेला मुलींची शाळा उघडली तर मुख्याध्यापिकेचा गळा चिरला जाईल. कागद झेरॉक्स केलेला होता. नावाची जागा मोकळी सोडलेली, आणि तिथं कुणीतरी डाव्या हातानं लिहावं तसं वेडंवाकडं 'झुलिखा' भरलेलं. मला आधी राग आला तो त्या झेरॉक्सचा. आपल्या वेळी धमकीसुद्धा माणूस बसून हातानं लिहायचा.

मागच्या ऑक्टोबरात धर्माच्या नावानं डोंगरात गेलेल्या बंदूकवाल्यांनी शाळा जाळली हे तुला वहिनीनं कळवलं असेल. वर्षभर गावातल्या बायकांनी आणि मी मिळून ती पुन्हा उभी केली. भिंती चुन्यानं रंगवल्या, पत्रे जुन्या वखारीचे आणले, बाकं राबहकाकानं ठोकली. हा तोच राबह, फ्रेंचांविरुद्धच्या लढाईत तुमच्या तुकडीतला स्वयंपाकी. आता तो दारावर शिकारीची बंदूक घेऊन बसतो आणि ती कुणाला नीट बघूही देत नाही, कारण ती चालत नाही.

आता खरं कारण. त्या साबणावर गलबताचा शिक्का होता. वडी सुरीनं नव्हे, दोऱ्यानं कापलेली होती, आरपार गुळगुळीत. गावात गलबताचा साबण एकाच घरात येतो, दर उन्हाळ्यात, तुझ्या पार्सलातून. आणि तो जपून वापरायचा म्हणून दोऱ्यानं अर्धा करायची सवयही एकाच बाईला आहे. मी तुकडा पदराखाली घेऊन तुझ्या घरी गेले. वहिनीनं पेटी उघडली, उरलेली अर्धी वडी काढली आणि दोन्ही तुकडे एकमेकांना लावून पाहिले. शिक्क्यातलं गलबत पूर्ण झालं. ती तिथंच जमिनीवर बसली.

तुझा तौफिक ब्लिदाला टायरच्या दुकानात कामाला आहे असं आम्ही वसंतापासून सगळ्यांना सांगत होतो. तो डोंगरात आहे, आणि ही अर्धी वडी जाताना वहिनीनंच त्याच्या पिशवीत घातली होती. डावा हात त्यानं का वापरला तेही कळलं. त्याचं उजव्या हाताचं अक्षर मीच घडवलं आहे, ते मी अंधारातही ओळखलं असतं.

मी ठाण्यावर कळवलेलं नाही. कळवलं तर शोधायला माणसं जातील आणि पहिली गोळी कुणाची सुटेल ते सांगता येत नाही. शाळा मात्र तेवीसला उघडणार आहे. तू त्याचा बाप आहेस, म्हणून तुला सांगितलं. बाबांच्या नाकाबद्दल आज काही लिहीत नाही.

झुलिखा


ऐन शीह
मंगळवार, १२ सप्टेंबर

लख्दर,

पोस्टात तुझा फोन आला तेव्हा माझ्यामागे नऊ माणसं रांगेत होती आणि तू इतका ओरडत होतास की त्या नवांनाही सगळं ऐकू गेलं. एकोणचाळीस वर्षांनी तुझा आवाज ऐकला तर तो शिव्या देत होता. पण मग तू रडलास, आणि रांगेतल्या माणसांनी छताकडे बघायला सुरुवात केली.

शाळा बंद ठेव आणि राजधानीत मामेबहिणीकडे जाऊन राहा, असं तू म्हणालास. जाणार नाही. गेले तर दोनशे बारा मुली परत घरी बसतील, आणि पुढच्या वर्षी त्यातल्या मोठ्या पंधरा-वीस जणींची लग्नं झालेली असतील. आणि तौफिकला वाटेल की कापडाच्या चिंधीनं काम होतं.

दुसरं तू म्हणालास की आमची त्यांच्याशी तुलना करू नकोस, आम्ही देशासाठी लढलो आणि हे खाटीक आहेत. यातला फरक मला शिकवू नकोस, मी इथंच राहते. आपल्याला फ्रेंचांना घालवायचं होतं, आणि ते गेले तेव्हा बंदुका खाली आल्या. तेव्हा हुकूम कुणाचा हे ठाऊक असायचं, त्याच्या पाया पडायला जाता यायचं. आता तीन डोंगरांवर तीन अमीर, म्हणजे म्होरके आहेत, पेशावरहून आलेल्या कॅसेट ऐकतात आणि बसच्या रस्त्यावर लष्कराचे कपडे घालून खोटी चौकी लावतात. काय दिलं म्हणजे ते थांबतील हे त्यांचं त्यांनाही सांगता यायचं नाही.

पण लख्दर, मी बसून विचार करते तेव्हा मला एक ओळ सलग दिसते. आपल्या वेळी शिक्षेच्या यादीत माणसाचं नाव असायचं. यांच्या कागदावर नावाची जागा मोकळी असते. आणि जुलैत पॅरिसच्या भुयारी रेल्वेत गॅसच्या टाकीत स्फोटकं भरून ठेवली, तिथं कुणाच्या नावाची गरजच नव्हती, जो डब्यात बसला असेल तो. तुला आता मार्सेलच्या रस्त्यात पोलीस अडवून कागद मागतात, तूच सांगितलंस. त्या ओळीच्या पहिल्या टोकाला आपण उभे होतो.

आता बाबांचं. १९५६ च्या हिवाळ्यात आपल्या डोंगरातल्यांचा हुकूम आला की तंबाखूचा पैसा फ्रेंचांच्या खिशात जातो, तेव्हा कुणी ओढायची-हुंगायची नाही, सापडेल त्याचं नाक कापायचं. बाबांनी सिगरेट कधी ओढली नाही, पण चिमूटभर तपकीर त्यांना लागायची. घरात तपकीर आहे हे बाहेर सांगणारा घरातलाच होता. तू अठरा वर्षांचा होतास, निरोप्या होतास, तंबाखूवाल्यांची यादी तूच डोंगरात नेलीस. बाबा तोंडाला फडकं बांधून परत आले आणि मेले तोवर त्यांनी ते फडकं लोकांसमोर सोडलं नाही. त्यांच्या मयताला तू आला नाहीस. मी तुझ्याशी बोलणं टाकलं ते त्या यादीसाठी, हे तुला ठाऊक आहेच. याच्यापुढचं आज लिहीत नाही.

इथलं सांगते. वहिनी परवा स्वतःहून शाळेत आली. म्हणाली, शाळा उघडायची तर गुपचूप उघडायची नाही, वादा करायचा. तुला आठवतं ना, पेरणीआधीचं ते गावजेवण. दोन वर्षं झाली, त्यांनी तेही हराम ठरवून बंद पाडलं आहे. तेवीसला शाळेच्या अंगणात अख्ख्या गावासाठी रव्याचा वाफवलेला कुसकुस शिजवायचा. मी म्हटलं, वहिनी, तुला कळतंय ना तू काय बोलतेस. ती म्हणाली, "मी त्याला नऊ महिने पोटात वागवलं, मला घाबरवायला त्याला अर्धी वडी पुरायची नाही."

मग तिनं मोठं भांडं काढलं, भोकांचं भांडं त्यावर ठेवलं, आणि सांध्याला बांधायला पट्टी मागितली. गावजेवणाच्या जुन्या पट्ट्या शाळेतच असायच्या, त्या शाळेबरोबर जळाल्या होत्या. मी कपाटातून ती कफनाची पट्टी काढली. वहिनीनं ती लांबी-रुंदीला बघितली, मधून उभी फाडली, पिठाच्या खळीत बुचकळली आणि भांड्याभोवती गुंडाळली. वाफेचा एक धागा बाहेर आला नाही. कापड चांगलं आहे, असं तिनं सांगितलं.

साबण मी मुलींच्या हात धुवायच्या नळाशी ठेवला आहे. ही बातमी डोंगरात पोचायला टपाल लागणार नाही.

झुलिखा


ऐन शीह
बुधवार, २० सप्टेंबर

लख्दर,

आधी महत्त्वाचं. तौफिक जिवंत आहे, त्याच्या हातून कुणी मेलेलं नाही, आणि काल सकाळपासून तो ठाण्यात आहे. आता बस, आणि पुढचं वाच.

सोमवारी दुपारी शाळेच्या अंगणात आम्ही चौदा बायका होतो. कुसकुस वळून झाला होता, पहिली वाफ देऊन तो वाळवायचा होता. एवढ्यात फाटकातून एक उंच बाई आली, पांढऱ्या हाइकच्या चादरीत नखशिखांत गुंडाळलेली, एकच डोळा उघडा. राबहकाकानं मान वळवली. बाईमाणसाकडे निरखून बघायचं नाही ही त्याची जुनी शिस्त. फ्रेंच शिपायांचीही हीच पंचाईत व्हायची, आणि त्यांच्या त्या भिडस्तपणावर तुझा जीव किती वेळा वाचला ते तुला ठाऊक आहे. ती बाई चालायला लागली आणि मला सत्तावन साल आठवलं. तुलाही हाइकमध्ये चालता यायचं नाही, असाच ढांगा टाकायचास. खाली चिखलानं माखलेले खेळाचे बूट होते.

मी म्हटलं, "ये गं पोरी, बरी आलीस. इथं पट्टी बांधायला हात हवाय, टोक धर."

तो माझ्यासमोर भांड्याशी बसला. एका हातानं टोक धरलं, दुसरा हाइकच्या आत होता. मी सांगितलं, दोन्ही हात लागतात, नाहीतर पट्टी सुटते. थोडा वेळ गेला. मग दुसरा हात रिकामा बाहेर आला. वाफेचा चटका बसून तो कळवळला, आणि त्या आवाजानं पलीकडच्या भांड्याजवळ बसलेल्या वहिनीनं मान वर केली. पण ती उठली नाही. पीठ चाळत राहिली.

तो खालच्या आवाजात बोलला. "आत्या, शाळा उघडू नकोस. हे काम त्यांनी मला दिलंय. मी नाही केलं तर ते मलाही मारतील आणि दुसऱ्या कुणाला तरी पाठवतील."

मी विचारलं, त्याच्या हातात काय आहे ते त्याला कळतंय का. त्यानं पट्टीकडे पाहिलं, आणि ओळखलं. मी म्हटलं, "ओढून बांध. वाफ जातेय."

त्यानं ओढून बांधली. मग एकदम चिडला. म्हणाला, "तुम्ही केलंत तेव्हा ती क्रांती. तुझा स्वातंत्र्यसैनिकाचा दाखला सरकारनं चौकट करून दिलाय, तो भिंतीवर आहे. खालच्या शहरात कॅफेत बॉम्बची टोपली ठेवून आलीस तू. आजोबांचं नाक माझ्या बापानं घालवलं. आणि आता तुम्ही मला शिकवणार?"

लख्दर, मी त्याला जे उत्तर दिलं ते तुला एकोणचाळीस वर्षांपूर्वी द्यायला हवं होतं. त्याला द्यावं लागलं, म्हणून आता तुलाही लिहिते.

टोपलीचं त्याला सगळं सांगितलं. दोन माणसं गेली. त्यातली एक तिथं भांडी घासणारी आपलीच बाई होती, तिचं नाव माझ्या दाखल्यात नाही. आणि यादीचं सांगितलं. तू यादी नेलीस, पण तू ती लिहिली नव्हतीस, तुला तेव्हा लिहिताच येत नव्हतं. गावात शाळा शिकलेली पोर मी एकटी. वरचा माणूस सांगायचा आणि मी सुबक अक्षरात उतरवायची. त्या दिवशी तो नावं सांगता सांगता थांबला आणि म्हणाला, अजून कुणी? तू गप्प होतास. तपकिरीचं मी बोलले. मला वाटलं, बाबांना दटावतील, आणि आम्ही घरच्यांनाही सोडत नाही म्हणून माझी वाहवा होईल. सोळा वर्षांची होते, पण ते कारण पुरेसं नाही. यादीवर बाबांचं नाव माझ्या हातचं आहे. मग मी तुझ्याशी बोलणं टाकलं, म्हणजे दोष कुणाचा याची चर्चाच उरली नाही. माझी मला लाज वाटते, लख्दर.

अजून एक तुला कुणीच सांगितलेलं नाही. हे सगळं न्यायानं होतंय हे दाखवायला त्या माणसांनी तो कागद बाबांच्या डोळ्यांसमोर धरला होता. त्यांनी अक्षर ओळखलं. जखम भरल्यावर एका दुपारी त्यांनी मला अंजिराखाली बोलावलं आणि म्हणाले, "अक्षर वळणदार आहे. शिक्षिका हो. पण इथून पुढं कुणाचं नाव लिहिशील, तर ते त्याच्या तोंडावर जाऊन वाचता येईल असंच लिही." एवढंच बोलले, आणि सवयीनं तपकिरीची डबी शोधायला लागले.

हे सांगून मी तौफिकपुढे तो झेरॉक्स कागद ठेवला. पदरालाच बांधून ठेवला होता मी तो. म्हटलं, "यात माझं नाव तू भरलंयस. मी समोर बसलेय. वाच."

त्यानं वाचायला घेतलं. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. नावाशी आला आणि थांबला. मी वाट पाहिली, मुली फळ्यापाशी अडतात तेव्हा पाहते तशी. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा तिथंच थांबला. मग त्यानं कागद दुमडून माझ्या मांडीवर ठेवला, आणि हाइकच्या आतलं पिस्तूल पिठाच्या परातीत ठेवलं.

वहिनी तेव्हा उठली. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "भूक लागली असेल." पहिल्या वाफेचा कच्चा कुसकुस त्यानं ताकाबरोबर दोन वाडगे खाल्ला. चौदा बायकांपैकी एकीनंही त्याच्याकडे बघितलं नाही, आणि एकीलाही काही कळलं नाही असं नव्हतं.

काल आम्ही दोघी त्याला मधे घेऊन ठाण्यावर गेलो. वाटेवर डोंगरातले डोळे असतात, म्हणून तो हाइकमध्येच होता. तिथला तरुण अधिकारी तिघींकडे बघून म्हणाला, तक्रार कुणाची आहे? वहिनी म्हणाली, माझी, आणि पोराच्या डोक्यावरची चादर ओढली. तो अधिकारी खुर्चीवरून जवळजवळ पडला. या वर्षी फेब्रुवारीत माफीचा कायदा आला आहे. ज्याच्या हाताला रक्त नाही आणि जो स्वतः येतो त्याच्यासाठी. वकील म्हणतो थोडी वर्षं आत, कदाचित त्याहून कमी.

शाळा शनिवारी उघडते आहे. दुसरा कुणी आला तर येईल. पत्र हुसीनच्या भावाबरोबर पाठवते. तुला राग आला तर तो माझ्यावर काढ, पोरावर नको.

तुझी बहीण,
झुलिखा


ऐन शीह
रविवार, २४ सप्टेंबर

दादा,

काल रात्री तुझा फोन येऊन गेल्याचं पोस्टमास्तरनं सकाळी सांगितलं. तू त्याला एवढंच म्हणालास म्हणे, की सांग, यादीतलं शेवटचं नाव मला ठाऊक होतं आणि मीही ते खोडायला सांगितलं नाही. पोस्टमास्तरला अर्थ कळला नाही, पण त्यानं शब्द न् शब्द लिहून घेतलं होतं. तो कागद मी पदराला बांधला आहे.

आता कालचं ऐक.

सकाळी सात वाजता राबहकाका टाय बांधून फाटकावर बसला. मी पाटी पुसली, हजेरीची वही काढली. आठ वाजता घंटा दिली. नऊ मुली आल्या. दोनशे बारातल्या नऊ. त्यातल्या दोघी राबहच्या नाती. बाकी गावाची दारं लागलेली, आणि फटींतून डोळे. तुला म्हणून सांगते. मला वाटलं, जिंकले ते.

एवढ्यात तुझ्या घराच्या गच्चीवरून वहिनीनं आवाज दिला. जीभ नाचवत काढायचा तो लांब सूर, जो आपल्या बायका लग्नात काढतात आणि ज्याला त्यांनी दोन वर्षं बंदी घातली आहे. ती एकटीच होती. डोंगरात जिचा पोरगा होता तिच्याच गच्चीवरून तो सूर निघाला, हे गावाला समजायला एक क्षण लागला. मग सुताराच्या घरावरून दुसरा आला. मग विहिरीकडून, मग वरच्या आळीतून, आणि मग कुठून कुठून ते सांगता येईना. दारं उघडायला लागली. नव्या दप्तरांच्या, जुन्या दप्तरांच्या, दप्तर नसलेल्या पोरी धावत सुटल्या. त्यांच्यामागे आया, आणि आयांच्या मागे, मान खाली घालून का होईना, बाप.

दहा वाजेपर्यंत एकशे सत्त्याऐंशी झाल्या.

एकेकीनं नळाशी हात धुतले. दुपारपर्यंत साबणावरचं अर्धं गलबत झिजून गेलं आणि वडीची चकती उरली. सात भांड्यांना पट्टी कमी पडली, तर सुताराच्या बायकोनं तिलाही वसंतात आलेली आणून दिली, आणि मग आणखी तिघींनी आपापल्या काढल्या. इतक्या घरांत ती कापडं लपवलेली होती आणि कुणी कुणाला बोललं नव्हतं. चण्याचा रस्सा, भोपळा, दोन मेंढ्या, आणि अख्खं गाव जमिनीवर मांडी घालून. तिसऱ्या प्रहरी डोंगरातून दोन बार हवेत झाले. कुणी उठलं नाही. राबहकाका हाड चोखत म्हणाला, "त्यांनाही वास गेला असेल." अंगणभर हशा झाला. इतकं मोठ्यानं आम्ही कधी हसलो होतो ते मला आठवेना.

उद्या काही होणार नाही असं मी म्हणत नाही. पण कालचा दिवस आमचा होता आणि तो कुणाला परत घेता येणार नाही.

आता हे पत्र ज्यासाठी लिहिते ते. जेवणाच्या आधी मी हजेरी घेतली. एरवी शिक्षिका आपापल्या वर्गात घेतात, पण काल मी सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि वही उघडली. माझ्याच अक्षरातली, दोनशे बारा नावांची यादी. बाबांचं बोलणं मनात होतं. एकेक नाव मी त्या पोरीच्या तोंडाकडे बघून वाचलं. एकेक पोर पाऊल पुढं टाकून 'हजर' म्हणाली. पंचवीस नावांना उत्तर आलं नाही. तीही मी तितक्याच मोठ्यानं वाचली, घरात असतील तर ऐकू जावीत म्हणून. वही मिटली तेव्हा माझा आवाज बसला होता.

तू ये, दादा. तौफिकला भेटीची परवानगी शुक्रवारी मिळते. येताना साबण आण, अर्धी-अर्धी वडी नको, पेटी आण. बाबांच्या कबरीवर जायचं आहे, दोघांनी मिळून. तू बोटीतून उतरून फाटकाशी आलास की मी दारात उभी राहून तुझं पूर्ण नाव पुकारीन, सगळ्या शाळेसमोर, तुझ्या तोंडाकडे बघून. उत्तर द्यायला ये.

तुझी,
झुलिखा